प्रार्थना झाली की गॉज मोजायचे



बक्षीस समारंभ संपलेला असतो, गाणी सुरू व्हायची असतात आणि त्या दोन्हींच्या मधोमध प्रमुख पाहुण्याला उभं करायची आपल्याकडे रीत आहे. विंगेत लेझीमवाल्या पोरी फेटे बांधून केव्हाच्या उभ्या आहेत, ते मला इथून दिसतंय. त्यांच्या गालावरचा रंग उतरायच्या आत मी खाली बसेन. फिशपाँडमध्ये माझं नाव घालू नका म्हणजे झालं.

प्राचार्यांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी जरा बिचकलेच. म्हणाले, “सिस्टर, तुम्ही ख्रिस्ती घरातल्या, जन्म दवाखान्यात गेला. देवावर भार टाकून रोजचं जगणं कसं असतं, त्यावर बोला.” मी म्हटलं, सर, पोरं सगळ्या घरांतली आहेत, चर्चमध्ये बोलायचं ते इथं कसं बोलू? पण मग मनात आलं, माण-खटावच्या माणसाला भरवसा म्हणजे काय ते मी काय शिकवणार! एका अंगाला गोंदवल्याचे महाराज, एका अंगाला पुसेगावचे महाराज, वर औंधची यमाई. येरळा नदी वर्षातले किती महिने वाहते ते तुम्हांला ठाऊक आहे, आणि तरी जूनमध्ये इथला शेतकरी कोरड्या रानात बी टाकतो. देवाचं नाव प्रत्येक घरात वेगळं असेल, पण आभाळाकडं बघायची सवय सगळ्यांची एकच.

म्हणून मी माझ्या घरातलं, माझ्या लोकांतलं सांगते. पटेल ते घ्या.

आपल्यात म्हण आहे, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. ज्यानं ही म्हण काढली त्यानं आळशी माणसाची टिंगल करायला काढली. पण पुष्कळांना वाटतं, देवभोळी माणसं खरंच अशीच असतात, देव करील म्हणायचं आणि खाटल्यावर पडून राहायचं. मी आयुष्यात ज्या खऱ्या श्रद्धावान माणसांना पाहिलं, ज्यांच्याविषयी वाचलं, त्यांना खाटल्यावर पडायला सवडच नव्हती.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलंय. शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, 1889, एका ओळीत संपतं ते. त्या ओळीच्या मागं काय होतं, ते ऐका. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. मुलीला त्या काळात संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचे बोल खाल्ले. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरायचं. 1870 च्या दशकात दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, आणि ही दोघं देशभर पायी फिरली. पुढं रमाबाईंनी या दिवसांबद्दल स्वतः लिहिलं, आणि त्यात एक गोष्ट फार स्पष्टपणे लिहिली. पुराण सांगण्यापलीकडं पोट भरायची विद्या घरात कुणाला शिकवलेली नव्हती, आणि मोलमजुरी करायची तर लाज वाटत होती. पूजाअर्चा, उपासतापास चालू होते, आणि घर संपत चाललं होतं.

दुष्काळानं ज्या मुलीचं सगळं घर नेलं, तिनं पुढं काय केलं? 1883 मध्ये इंग्लंडला गेली, तिथं बाप्तिस्मा घेतला, मग अमेरिकेत गेली. बोस्टनच्या मंडळींनी शारदा सदनाला दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. दहा वर्षं म्हणजे दहाच. पुढं काय? आता इथं माझ्यासारखी एखादी म्हणाली असती, देव बघेल. रमाबाईही म्हणाल्याच, पण त्यांनी केडगावला जमीन घेतली. दौंडजवळचं केडगाव, आपल्यासारखंच पाऊस हुकणारं रान. तिथं फळबाग लावायची, मुदत संपेपर्यंत झाडं फळाला येतील, बोस्टनचा पैसा थांबला की बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल. हिशोब बघा बाईचा! आज एखादा बँकेचा मॅनेजरही एवढा पुढचा विचार करणार नाही.

आणि मग तो हिशोब मोडला. 1896-97 मध्ये दुष्काळ पडला. मध्य प्रांतात भुकेनं माणसं मरतायत, पोरक्या मुली रस्त्यावर पडल्यायत, ही बातमी आली. दुष्काळ म्हणजे काय ते ह्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः उठून तिकडं गेली आणि तीनशेच्या आसपास मुलींना घेऊन आली. ठेवायचं कुठं? बागेच्या जमिनीवर. झाडांच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या रानात माणसं राहायला आली, त्याचं नाव ‘मुक्ती’ पडलं. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला, आणि तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! आपल्या या कॉलेजच्या हॉस्टेलला रोज भाजी पुरवताना रेक्टर मॅडमची काय धांदल उडते ते विचारा.

मुक्तीला कायमचं उत्पन्न नव्हतं. इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर नावाच्या गृहस्थानं कुणाकडं पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर अनाथालयं चालवली होती. रमाबाईंच्या मनावर त्याचा मोठा परिणाम होता. उद्याचं धान्य नसेल तर आज गुडघे टेकायचे. पण गुडघे टेकून उठल्यावर काय करायच्या ते माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. विहिरी खणून घेतल्या. माग घातले. तेलाचा घाणा, शिवणकाम, गाई-म्हशी, छापखाना. हाताला काम येत नाही अशी मुलगी मुक्तीत राहू द्यायची नाही, असाच बाईंचा बाणा होता. आपल्या आई-वडिलांचं घर कशापायी बुडालं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

छापखान्याची गोष्ट तर मला फारच आवडते. साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान जवळजवळ गेलेले. भाषांतर त्यांनी केलं आणि खिळे जुळवले, छापलं, बांधलं ते मुक्तीतल्या बायकांनी. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नसतं त्या बायकांनी अख्खा ग्रंथ छापला. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, पण त्याआधी भाषांतराचं काम त्यांनी हातावेगळं केलं होतं.

आता माझ्या घरचं थोडं.

1972 च्या दुष्काळात मी लहान होते. आमची आजी खडी फोडायला जायची, दुष्काळी कामावर. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, सगळ्या जातीची, सगळ्या धर्माची माणसं त्या खडीवर एका रांगेत बसली होती. सुकडी मिळायची, लाल मिलो ज्वारी मिळायची. मिलोची भाकरी गिळताना पाणी लागायचं, आणि पाणीच नव्हतं. रात्री आजी आम्हांला जवळ बसवून प्रभूची प्रार्थना म्हणायची. त्या प्रार्थनेत भाकर मागायची असते ती फक्त आजची. वर्षाची पोती मागायची सोय नाही तिच्यात. मी एकदा विचारलं, “आजी, देवाकडं मागायचंच तर जास्तीचं मागू की.” ती म्हणाली, “जास्तीचं मागितलं तर त्यो मला जास्तीची खडी फोडाय लावील. आजचं बास.” आणि हातोडा उशाशी ठेवून झोपायची. सकाळी शोधायला नको.

त्या आजीनं मला नर्सिंगला घातलं. मिरजेला. आपल्याकडून एसटीनं मायणी, विटा, तासगाव करत मिरजेला जायचं हा आपल्या भागाचा जुना रस्ता आहे. आपल्या आधीच्या पिढीत मोतीबिंदू म्हटलं की मिरज, पोटाचं ऑपरेशन म्हटलं की मिरज. विल्यम वानलेस नावाचा कॅनडातला तरुण डॉक्टर 1889 मध्ये हिंदुस्थानात आला, आधी सांगलीत दवाखाना काढला आणि 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्याच्याच नावाची, तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. 1928 मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. पण जुन्या माणसांना किताबाचं काही नव्हतं, ती आपली ‘वानलेस सायबाचा दवाखाना’ म्हणायची.

मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करतात. पेशंट टेबलावर, दिवा लागलेला, हातमोजे घातलेले, आणि सगळे एक मिनिट मान खाली घालून उभे. नव्या मुलींना त्याचं फार अप्रूप वाटायचं. पण प्रार्थना झाली की लगेच गॉज मोजायचे. गॉज म्हणजे रक्त टिपायच्या जाळीदार पट्ट्या, पोटाच्या ऑपरेशनला मोठे मॉप. पाच-पाचचे गठ्ठे. एकीनं हातात धरून मोठ्यानं मोजायचं, दुसरीनं बोर्डावर लिहायचं. चिमटे मोजायचे, सुया मोजायच्या. पोट बंद करायच्या आधी पुन्हा सगळं मोजायचं. बोर्डावरचा आकडा आणि हातातला आकडा जुळला तरच टाका.

पुढं मी ज्या ज्या ठिकाणी नोकरी केली त्यात एक लहानसं हॉस्पिटल होतं. नाव सांगत नाही. रात्रीचं सिझेरियन. बाळ रडलं, आई बरी, सगळे दमलेले. मोजदाद केली तर एक मॉप कमी. पुन्हा मोजले, तरी कमी. सर्जन म्हणाले, “सुरुवातीलाच चुकून जास्त लिहिला असेल, बंद करू या.” आमच्याबरोबर एक वयानं मोठी सिस्टर होती, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणारी, उठताबसता देवाचं नाव घेणारी. ती जाग्यावरून हलेना. म्हणाली, “सर, पोट बंद करू नका.” डॉक्टर चिडले. तिनं उत्तर दिलं नाही, खाली वाकून बादल्या उपड्या केल्या, चादरी झटकल्या. मॉप टेबलावर अंथरलेल्या हिरव्या कापडाच्या घडीत चिकटलेला सापडला. तिनं तो उचलून दाखवला, बोर्डावर खूण केली आणि मग ‘थँक यू लॉर्ड’ म्हणाली. मग. आधी नाही.

देवावरचा भरवसा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर ती सिस्टर येते. देव आहे, आई वाचेल, असं ती मनापासून मानत होती, म्हणूनच तर मोजत होती. ज्याला देवाची खरी भीती असते तो आकड्यात लबाडी करत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल, बाई नुसत्या गोडगोड बोलून गेल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव मराठी घेणाऱ्या मुलांना माहीत असेल. कवी. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घरावर आकाश कोसळलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग दोघं एकत्र आली, आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनानं ख्रिस्ती धर्म घेतला. 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं आणि आपल्या साताऱ्याला येऊन राहिले. ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात चालतील, असा तो दरबार. फार मोठ्या मनाचा माणूस. हातात पैसा टिकायचा नाही, दारी आलेल्याला नाही म्हणायचं माहीत नाही, पोरकी पोरं घरात आणून ठेवायची. देवावर केवढा विश्वास!

आणि त्या पोरांना जेवायला कोण घालत होतं? लक्ष्मीबाई. टिळकांचा हवाला देवावर आणि देवाचा हवाला लक्ष्मीबाईंवर, असा तो संसार. ‘स्मृतिचित्रे’ वाचा म्हणजे कळेल. रीतसर शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलेलं ते पुस्तक 1934 पासून भागाभागानं निघालं, आणि त्यात नवऱ्याची एवढी मनमोकळी थट्टा आहे की तुम्ही हसून लोळाल. पण हसता हसता लक्षात येतं, घरातल्या एकानं देवावर भार टाकला की बऱ्याच वेळा तो भार घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर येऊन पडतो, आणि ती ‘दुसरी कुणी’ बहुतेक वेळा बाई असते. सगळ्या धर्मांत हेच. उपास बाबांचा, साबुदाणा भिजत घालायची आई.

टिळक मे 1919 मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धंसुद्धा झालेलं नव्हतं, थोडेच अध्याय झाले होते. बाकीचा सगळा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून पुरा केला. मला विचाराल तर त्या घरातला भक्कम विश्वास त्यांचा. टिळकांचा विश्वास सुंदर होता, पण त्याला पाठीशी लक्ष्मीबाई लागत होत्या.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून मला खाली बसता येणार नाही. तुमच्यातली मुलं-मुली भरतीसाठी पहाटे पाचला येरळेच्या पुलाकडं पळताना मी काल बघितली. कुणी नीटचा क्लास लावलाय, कुणी स्पर्धा परीक्षेला बसलंय, कुणाचे वडील सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात परमुलखात आहेत, वर्षातून एकदा गावच्या यात्रेला येतात. सगळ्यांच्या डोक्यात काहीतरी बेत आहे. तो बेत मोडला की कुणीतरी शहाणं माणूस येऊन म्हणतं, “जाऊ दे, देवाची काहीतरी योजना असेल.”

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा. आईच्या मागं मुक्तीचं काम तिनंच बघायचं, असं ठरलेलं होतं, त्यासाठी ती शिकली, राबली. जुलै 1921 मध्ये ती चाळिशीत गेली. आईच्या आधी. पुढच्या एप्रिलमध्ये आई गेली. ह्यात कसली योजना? मला नाही सांगता येत. वॉर्डात किती आयांनी माझा हात धरून हे विचारलंय. शिकाऊ होते तेव्हा आमच्या सिस्टर ट्यूटरनं ताकीद दिली होती, ज्याचं माणूस गेलंय त्याला कधी ‘देवाची इच्छा’ म्हणायचं नाही. त्याला पाणी द्यायचं, बसायला स्टूल द्यायचं, गावाकडं फोन लावून द्यायचा. माझ्यावर आलं तर मी म्हणेन, देवा, तुझी योजना. ते माझं मी म्हणायचं. दुसऱ्याच्या दुःखावर ते चिकटवायचा मला अधिकार नाही. परीक्षेत नापास झालेल्या मैत्रिणीलाही नाही. तिच्या शेजारी बसा, पेपर काढा, कुठं मार्क गेले ते बघा.

आणि मुक्तीचं काय झालं, विचाराल? मनोरमा गेली, रमाबाई गेल्या, तरी ती संस्था केडगावला आजही आहे. शंभर वर्षं उलटून गेली. कुणीतरी रोज उठून ती चालवतंय, म्हणून ती आहे. गोंदवल्याला महाराजांच्या वेळेपासून रोज माणसं जेवून जातात, ती रामाच्या कृपेनं, हे खरंच. पण भल्या पहाटे तिथल्या चुली कुणीतरी पेटवतं, हेही खरं आहे. 2017 मध्ये पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी तुमच्या गावांतल्या माणसांनी उन्हातान्हात चर खणले. पाऊस देणारा वर, पण चर खणणारे तुमचेच आई-बाप. तुम्हां वडूजच्या पोरांना तर हे सांगायलाच नको. 9 सप्टेंबर 1942 ला इथल्या कचेरीवर ‘चले जाव’चा मोर्चा निघाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती गोळ्या खाऊन पडले. आपण गेलो तर पुढं कुणीतरी झेंडा धरील, ह्या भरवशावरच तर ते चालत गेले.

झालं, आता फेटेवाल्या माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागल्यात. दोन कामं सांगते आणि माईक सोडते. एक, ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या ग्रंथालयात आहे, मघाशी ग्रंथपाल सरांना विचारून घेतलंय. तीनच प्रती आहेत, तेव्हा पुढच्या आठवड्यात वाचून परत करा. दुसरं असं की उद्या सकाळी हा मंडप उतरवायला, खुर्च्या रचायला, तुम्ही टाकलेले वडापावचे कागद गोळा करायला दोन शिपाई मामा आणि एक मावशी असणार आहेत. सगळं देवावर सोडून नाचून घरी जाऊ नका. सात वाजता या. मी आज मुक्कामाला आहे, मीही येते. मुलींनीच यावं असं काही नाही, मुलांनी आधी यावं.